घाडी मॅडमचं डोकं

गाडी शिकवणारा माणूस ओरडतो, हे मी गृहीतच धरलं होतं. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर मला दोनदा गाडी शिकवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मी मध्येच उतरून रिक्षाने घरी आले. पुढे त्याची बदली नागपूरला झाली. गाडी मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात कव्हर घालून पडून राहिली. कबुतरांनी त्या कव्हरची पार वाट लावली. शेवटी चाळिशी उलटल्यावर मी स्टेशनजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

पहिल्याच दिवशी क्लचवरचा पाय झटकन उचलला गेला. गाडीने उडी मारली आणि केळीवाल्याच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर बंद पडली. केळीवाल्याने माझा उद्धार केला. मी मान खाली घालून शेजारून ओरडा यायची वाट पाहत बसले. शेजारची बाई देवळात बोलावं तितक्या हळू म्हणाली, "बंद पडली. पडू दे. चावी फिरव."

त्या सुनंदा घाडी. स्कूलमध्ये त्यांना सगळे घाडी मॅडम म्हणायचे, आणि 'घाडी मॅडमची गाडी' हा विनोद प्रत्येक नवीन बाई आपल्यालाच सुचला असं समजून एकदा तरी करायचीच. मॅडम प्रत्येक वेळी तेवढ्यापुरत्या हसायच्या.

पन्नाशीच्या, बुटक्या, किडकिडीत. सुती पंजाबी ड्रेस, ओढणी खांद्यावर पिनेने घट्ट, आणि डोळ्यांवर अर्धा चेहरा झाकणारा काळा गॉगल. ढग असले तरी तो असायचा. गाडीत सुगंधाची बाटली लावलेली त्यांना चालत नसे. कोणी बाई सेंट मारून आली की म्हणायच्या, "उद्यापासून लावून येऊ नकोस गं, हात जोडते." गाडीच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशव्या घड्या घालून ठेवलेल्या असत. शिकणाऱ्या बायकांना मळमळत असेल, म्हणून ठेवल्या असतील असं मला वाटायचं.

त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक आम्ही अशाच, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या बोलण्याला कंटाळून आलेल्या. मॅडम आमच्यासारख्यांना फार शिकवायच्या नाहीत, एकेक वाक्य सोडून द्यायच्या. "गाडीला घाई नसते, मागच्याला असते." "हॉर्न म्हणजे शिवी. आपण द्यायची नाही आणि मनावर घ्यायची नाही." वळणावर मी घाबरले की त्यांचा हात स्टिअरिंगवर यायचा, जरासा वळवायचा आणि परत जायचा. बास, इतकंच.

एकदा मी म्हटलं, "मॅडम, तुमचा स्वभाव किती शांत आहे हो."

"स्वभाव?" त्या म्हणाल्या. "स्वभाव माझ्या आईवर गेलाय. आई तोंड उघडायची तेव्हा आमची चाळ चिडीचूप व्हायची. मला ओरडणं परवडत नाही गं. मी ओरडले की पहिलं माझंच डोकं फुटतं."

असं मला कळलं की त्यांना अर्धशिशी आहे.

शाळेत असल्यापासून होती. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुटुंब भांडुपला आलं. इकडे भांड्याला भांडं लागत होतं, तिकडे पोरगी डोकं धरून कोपऱ्यात बसायची. आईने सगळं केलं. दृष्ट काढली, नाकात तूप सोडलं, सुंठीचा लेप दिला, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घातली. "जिलेबी तेवढी बरी होती," मॅडम म्हणाल्या. गावाहून आलेली आत्या म्हणाली होती, "लगीन झाला की जातला." लग्न झालं. डोकं सासरी आलं.

डोक्याचा आणि हवेचा संबंध त्यांनी स्वतःच जोडला होता. आभाळ भरून येऊन कोंदटलं, वारा पडला, की आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी डाव्या भुवईच्या वर ठोके सुरू व्हायचे. पुढे मुलीने त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. त्यात पाऊस, ऊन यांच्याबरोबर हवेचा दाबही यायचा. मॅडमना त्या आकड्याचं एकक वगैरे ठाऊक नव्हतं. आकडा खाली यायला लागला की त्या म्हणायच्या, "हवा उतरतेय." मग त्या दिवशी त्या उपाशी राहायच्या नाहीत, उन्हात कमी जायच्या, गोळी जवळ ठेवायच्या, आणि अगदीच भरभर उतरायला लागली तर शेठना फोन करून शिकवण्या पुढे ढकलायच्या. मे महिन्यात समुद्रात वादळ उठलं की त्यांचे दिवस वाईट जायचे. पाऊस परतताना संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की तेही वाईट.

स्कूलमध्ये याची चेष्टा व्हायची. मालक, आम्ही त्यांना नुसतं शेठ म्हणायचो, कच्छी माणूस, मनाने वाईट नव्हता. पण तोही म्हणायचा, "मॅडम, रविवारी भाचीच्या लग्नाचा मंडप उघड्यावर टाकू का? बघा जरा तुमच्या डोक्याला विचारून." एका बाईने पापड वाळत घालायचे होते म्हणून खरोखरच फोन केला होता. मॅडम कोणाला उलट बोलत नसत. एकदा मला मात्र म्हणाल्या, "डोकं माझं दुखतं आणि अंदाज सगळ्यांना पाहिजे."

त्यांचं म्हणणं नेहमीच खरं ठरायचं असंही नाही. कधी आकडा घसरायचा आणि डोकं शांत असायचं. त्या दिवशी त्या उगाच ओशाळल्यासारख्या वागायच्या, जणू खोटं बोलताना पकडल्या गेल्यात. मुलुंडच्या एका डॉक्टरांना त्यांनी सरळ विचारलं होतं, "हवेच्या दाबाने होतं का हो हे?" डॉक्टर म्हणाले, "असू शकतं. काही जणांना होतं असं वाटतं, सगळ्यांना नाही. झोप, जेवण, ऊन, ताण, तेही बघायला हवं." त्या डॉक्टरवर मॅडमचा जीव होता. "तो एकटाच म्हणाला असू शकतं," त्या सांगायच्या. "बाकी सगळ्यांना खात्री. सासूला खात्री की नाटक आहे. जावेला खात्री की चष्म्याचा नंबर आहे. शेठला खात्री की गॅस आहे."

माझं शिकणं संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मे महिना होता. समुद्रात वादळ होऊन गुजरातच्या बाजूला सरकून गेलं होतं. वादळ जवळ होतं तेव्हा हवा चांगलीच उतरली होती. मॅडम एक दिवस घरी राहिल्या, पण डोकं दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या त्या खुशीतच. गाडीत बसता बसता फोन दाखवून म्हणाल्या, "चढली बघ हवा. सुटले या खेपेला. चल, आज तुला मोठ्या रस्त्यावर नेते."

आम्ही हायवेच्या बाजूने लिंक रोडला लागलो. मी नाहूरच्या पुलावर होते. गाडी बरी चालली होती आणि मॅडम मला त्यांच्या मुलीच्या नाशिकच्या घराबद्दल काहीतरी सांगत होत्या. बोलता बोलता थांबल्या.

"समोरच्या टेम्पोचा नंबर वाच."

मी वाचला.

"परत वाच."

मी परत वाचला. मला वाटलं, माझं लक्ष आहे की नाही बघतायत.

"मला त्यातले पुढचे दोनच आकडे दिसतायत," त्या म्हणाल्या. "बाकीचा टेम्पो आहे ना तिथे?"

"आहे मॅडम."

"मला नाही दिसत."

मी स्टिअरिंग घट्ट आवळलं. त्या मात्र तशाच हळू आवाजात बोलत राहिल्या. "घाबरू नकोस. पूल उतरून बाजूला घे. उजवीकडे." त्यांचा हात डावीकडे दाखवत होता. "उजवीकडे गं," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि हात पुन्हा डावीकडे. मी हाताचं ऐकलं.

गाडी कडेला उभी केली. मॅडमनी गॉगल काढून डोळे चोळले. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच नीट पाहिले, खोल गेलेले, भोवती तपकिरी वर्तुळं. म्हणाल्या, "आधी हे असं नागमोडी चमचमायला लागतं. शब्द पण इकडचे तिकडे होतात. मग डोकं सुरू होतं. अजून थोडा वेळ आहे."

"मिस्टरांना फोन करू?"

"ते अंबरनाथला कामावर. येईस्तोवर माझं सगळं इथेच होईल."

"रिक्षा बघते."

"रिक्षाचे धक्के नको. अजिबात नको." त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला. "तू चालव. भांडुपलाच तर जायचंय. तुला येतंय."

"मॅडम, मी एकटीने कधी..."

"ऐक." शिकवायच्या गाडीला शेजारच्या सीटपाशीही ब्रेक आणि क्लच असतो. मॅडमचे पाय कायम त्यावर असायचे, आणि त्या पायांच्या भरवशावरच आम्ही सगळ्या गाडी चालवायचो. त्यांनी चपला काढल्या आणि पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली. "मी पाय काढून घेतलेत. मला अर्धंच दिसतंय, मी भलत्या वेळी ब्रेक मारला तर दोघी मरू. आता ब्रेक फक्त तुझा." एवढं बोलून त्यांनी ओढणीची पिन काढली आणि ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधून घेतली.

त्या रस्त्याने मी आता नेहमी जाते. त्या दिवशी तो मला कधी संपेलसं वाटलं नाही. सोनापूरच्या सिग्नलला मागून बसने हॉर्न दिला तेव्हा शेजारी मॅडम अंगाला चटका बसल्यासारख्या आक्रसल्या. तेवढ्यात गाडी बंद पडली. मी चावी फिरवली. कोणी काही सांगत नव्हतं, विचारायची सोय नव्हती. भांडुपच्या चढावर मी हँडब्रेक ओढून, जीव मुठीत धरून गाडी पुढे काढली. त्यांच्या बिल्डिंगच्या गल्लीत शिरतोय तोच त्यांनी चाचपडत कप्पा उघडला, पिशवी काढली आणि त्यात उलटी केली. त्या पिशव्या कोणासाठी होत्या ते मला तेव्हा कळलं.

जिना चढताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं होतं. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीच्या खिडकीला मुलांच्या प्रोजेक्टला वापरतात तसला काळा कार्डपेपर चिकटवलेला. मॅडम पलंगावर गेल्या नाहीत. जमिनीवर आडव्या झाल्या आणि डावा गाल लादीला टेकवला. "दार ओढून घे," म्हणाल्या. "चप्पल बाहेर जाऊन घाल. इथे वाजवू नकोस."

त्यांना तसं टाकून जावेना. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिले. आतून कण्हल्याचाही आवाज येत नव्हता. खूप दुखणाऱ्या माणसाचं रडणं ओरडणं आपल्याला माहीत असतं. इथे आवाज केला तर आणखी दुखणार, म्हणून ती बाई गप्प पडून होती. पंखासुद्धा लावलेला नव्हता.

संध्याकाळी त्यांचे मिस्टर आले. विलासराव. उंच, जरा वाकलेले, एका कारखान्यात स्टोअरमध्ये होते. दारातच त्यांनी मला पाहिलं, आतलं लोटलेलं दार पाहिलं आणि काही न विचारता बूट बाहेर काढून ठेवले. पावलं न वाजवता आत जाऊन आले. मग माझ्याशी कुजबुजत बोलले, "कधीपासून?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, टोपात तांदूळ धुतले आणि त्यातच भात शिजत टाकला. म्हणाले, "कुकर लावत नाही. शिट्टी."

भात शिजेपर्यंत ते माझ्यासमोर बसले. "आमच्या घरात कधी भांडण झालं नाही," ते म्हणाले. "शेजाऱ्यांना वाटतं, काय प्रेम आहे! भांडायला आवाज लागतो हो." हसले, तेही आवाज न करता. मुलगी या घरात टाचा उचलून चालायला शिकली, ते सांगत होते. आता तिच्या सासूची तक्रार आहे की ही मांजरासारखी मागे येऊन उभी राहते, दचकायला होतं.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"ते बरंच काय काय म्हणतात," विलासराव म्हणाले. "मी आता विचारत नाही. हिचं डोकं थांबलं की मी चहा टाकतो. एवढंच मला येतं." त्यांच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता, कौतुकही नव्हतं. फार वर्षं एकाच पाळीला कामावर जाणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा होता.

पुढच्या आठवड्यात मी टेस्टची तारीख विचारायला स्कूलमध्ये गेले, तर मॅडम शेठच्या टेबलासमोर बसल्या होत्या. चेहरा पिवळा पडला होता. मला पाहून म्हणाल्या, "बरं झालं आलीस, बस." आणि शेठला म्हणाल्या, "ही होती त्या दिवशी. विचारा हिला."

शेठ वैतागले होते. "अरे पण विचारू काय? गाडीला ओरखडा नाय. कोणाला लागला नाय. ही बाई पास होऊन जाईल. काय झाला, ते तरी सांगा."

"मला अर्धा टेम्पो दिसला नाही, शेठ."

"पण झाला तर काय नाय ना!"

"झालं नाही ते हिच्यामुळे. दुसरी एखादी नवीन असती तर? सीटवर बसून मी तिच्या जिवाची हमी घेते. मला ती घेता येत नाही आता."

शेठनी पेन खाली ठेवलं. खरोखरच मनापासून म्हणाले, "असं करा. हवा खराब असेल त्या दिवशी येऊच नका. फोनमध्ये येते ना तुमच्या सगळी माहिती? मी चेष्टा करतो, पण एक दिवस पगार कापला का कधी? नाय ना?"

मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी हवा चांगली होती, शेठ."

शेठनी खाली ठेवलेलं पेन उचललं आणि टोपण लावलं.

आम्ही दोघी बाहेर पडलो आणि टपरीवर उभ्यानेच चहा घेतला. मॅडमनी आलं नको म्हणून सांगितलं. म्हणाल्या, "नवीन डॉक्टरकडे जाऊन आले. मोठा आहे, मेंदूचाच. तोही म्हणतो, असू शकतं. उतरताना होत असेल तसं चढतानाही होत असेल, म्हणतो. नाहीतर त्या दिवशी संकष्टी होती, मी दुपारपर्यंत खाल्लं नव्हतं, त्याने असेल. ऊन होतं, त्याने असेल. रोज एक गोळी दिलीय. कमी होईल म्हणतो. मग गाडीही चालवता येईल, म्हणाला, पुढे बघू."

"मग बरंच आहे की मॅडम."

"हो." ग्लास दोन्ही हातांत धरून त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. "मला इतकी वर्षं वाटायचं, मला याचं कारण सापडलंय. एवढं एक मला कळलंय. कारण ठाऊक असलं की दुखणं ओळखीचं वाटतं गं. येतं, पण सांगून येतं. दार उघडायला तरी आपण असतो." त्यांनी उरलेला चहा ओतून दिला. "मी हवा बघून बायकांना गाडीत बसवत होते. आणि मला वाटत होतं, मी किती काळजी घेते."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. गप्प राहा, असा तो हात होता. रागाने नाही, दमून.

त्यानंतर मॅडम गाडीत बसल्या नाहीत. डॉक्टरने पुढे परवानगी दिली तरी बसल्या नाहीत. शेठनी त्यांना ऑफिसात घेतलं. शिकाऊ लायसन्ससाठी आलेल्यांना त्या रस्त्यावरच्या खुणा शिकवायच्या, हे प्रवेश बंद, ही पुढे शाळा, हा अरुंद पूल. टेस्ट पास झाल्याचे पेढे घेऊन गेले तेव्हा त्या ट्यूबलाइटखाली गॉगल लावून बसल्या होत्या आणि एक कॉलेजची मुलगी त्यांच्या मागे लागली होती, "मॅडम, माझी मम्मी तुमच्याकडे शिकली. तुम्हीच शिकवा ना, प्लीज!" मॅडम म्हणाल्या, "मी बोर्ड शिकवते गं आता. गाडी सावंत सर शिकवतील. ते ओरडतात, पण मनावर घेऊ नकोस." पुढच्या खेपेला पाहिलं तर ट्यूब काढून शेठनी त्यांच्या डोक्यावर एक पिवळा मंद दिवा लावला होता.

ते ऑफिस भर रस्त्यावर, दिवसभर हॉर्न. पावसाळा त्यांनी कसाबसा काढला. गोळीने अर्धशिशी कमी झाली होती, पण गेली नव्हती. दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं असं शेठकडून कळलं. "रोज यायला जमत नाय बोलल्या," शेठ म्हणाले. "दुसरा काय बोलल्या नाय. बाई चांगली होती." होती काय, मला वाटलं, भांडुपला आहे. पण मीही गेले नाही. पवईचं ऑफिस, घर, शनिवार-रविवारची कामं. कोणी आजारी नसताना मुद्दाम भेटायला जाणं आपल्याकडून होत नाही. आणि जाऊन बेल वाजवायची, तर नेमकी कोणत्या दिवशी वाजवायची?

मग जानेवारीत एका सकाळी त्या दिसल्या. मी पवईला निघाले होते. भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडे जायच्या फाट्याजवळ सिग्नलला थांबले, तर फुटपाथवरून त्या चालल्या होत्या. एकट्याच. केस नुकतेच धुतलेले, पाठीवर मोकळे. मी काच खाली करून हाक मारली. त्यांनी ओळखलं, जवळ आल्या, आणि आधी माझ्याकडे नाही तर माझ्या हातांकडे पाहिलं, स्टिअरिंगवर कुठे धरलेत ते.

"छान धरतेस."

"बसा ना मॅडम. कुठे सोडू?"

"खाडीवर चाललेय. फ्लेमिंगो आलेत म्हणे, गुलाबी गुलाबी. जन्म भांडुपात गेला, एकदा बघितले नाहीत."

"मग बसा की, मी सोडते. लांब आहे चालत."

"नको." त्या हसल्या. "आज काही दुखत नाहीये. असा दिवस गाडीत बसून नाही घालवत मी."

"हवा बघितली का आज?" मी सवयीने विचारून गेले.

"नाही बघितली," त्या म्हणाल्या. "तुला उशीर होत असेल ना? जा तू."

मी हो म्हटलं. सिग्नल सुटला होता. त्या रस्ता ओलांडून खाडीच्या बाजूला वळल्या, सावकाश, दोन्ही हात मोकळे सोडून. ऊन अजून कोवळं होतं.